इव्हा कॅसिडी

इव्हा मेरी कॅसिडी (२ फेब्रुवारी, १९६३:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका – २ नोव्हेंबर, १९९६:बोवी, मेरीलँड, अमेरिका) या अमेरिकन गायिका व गिटारवादक होत्या. जॅझ, ब्लूज, लोकसंगीत, गॉस्पेल आणि पॉप या संगीतप्रकारांतील जुन्या-नव्या गीतांना त्यांनी स्वतःच्या शैलीत नवे रूप दिले. हयातीत त्यांचे नाव वॉशिंग्टन शहर व परिसराबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. मृत्यूनंतर चार वर्षांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्यांच्या एका मैफिलीचे साधे चित्रीकरण दाखविले गेले आणि त्यातून त्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली. २००१ ते २००३ या काळात त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या.

बालपण आणि कुटुंब

कॅसिडी यांचे बालपण मेरीलँड राज्यातील ऑक्सन हिल आणि नंतर बोवी या गावांत गेले. चार भावंडांत त्या तिसऱ्या. वडील ह्यू कॅसिडी हे शिक्षक, शिल्पकार व हौशी वादक होते. भारोत्तोलनाच्या पॉवरलिफ्टिंग या प्रकारात त्यांनी १९७१ साली जागतिक विजेतेपद मिळविले होते. आई बार्बरा या मूळच्या जर्मनीतील बाद क्रॉइत्सनाखच्या असून त्यांना बागकामाची जाण होती. इव्हा नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना गिटार शिकविली आणि घरातील कौटुंबिक मैफिलींतून त्या गाऊ लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ डॅन पुढे व्हायोलिनवादक झाला.

अकराव्या वर्षी त्या परिसरातील एका वाद्यवृंदात गाऊ लागल्या. मात्र स्वभावाने त्या अत्यंत लाजाळू होत्या आणि अनोळखी श्रोत्यांसमोर गाणे त्यांना जड जाई. शालेय जीवनात त्या स्टोनहेंज नावाच्या वाद्यवृंदाबरोबर गात असत. पुढे त्यांनी चित्रकलेच्या शिक्षणासाठी महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण तो अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडला. चित्रकलेची आवड मात्र अखेरपर्यंत टिकली. उदरनिर्वाहासाठी त्या एका रोपवाटिकेत रोपे तयार करण्याचे काम करीत.

कारकीर्द

१९८६ साली स्टोनहेंजमधील जुन्या सहकाऱ्याने आपल्या मेथड अ‍ॅक्टर या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी कॅसिडी यांना बोलाविले. त्या निमित्ताने स्टुडिओत त्यांची भेट ध्वनिमुद्रक व बेसवादक ख्रिस बियोंडो यांच्याशी झाली. त्यांच्या आवाजाची योग्यता बियोंडो यांनी ताबडतोब ओळखली. इतर कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांत पार्श्वस्वर देण्याची कामे त्यांनी कॅसिडी यांना मिळवून दिली आणि त्यांना स्वतंत्रपणे गाण्यास प्रवृत्त केले. १९९० मध्ये इव्हा कॅसिडी बँड या नावाने त्यांचा वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या परिसरात कार्यक्रम करू लागला.

वॉशिंग्टनच्या गो-गो या संगीतप्रकाराचे जनक मानले जाणारे चक ब्राउन यांनी कॅसिडी यांचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि दोघांनी एकत्र गाण्याचे ठरविले. १९९२ साली त्यांची ‘द अदर साइड’ ही युगुलगीतांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ‘फीव्हर’, ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ यांसारखी जॅझमधील सुपरिचित गीते तीत आहेत. मैफिलीत ब्राउन श्रोत्यांशी मोकळेपणाने संवाद साधत. त्यांच्या सोबतीने कॅसिडी यांचा रंगमंचावरील संकोच बराच कमी झाला.

याच काळात काही ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी बोलणी झाली, पण करार होऊ शकला नाही. विक्रीच्या दृष्टीने गायिकेला एखाद्या ठरावीक संगीतप्रकारात बसविणे कंपन्यांना सोयीचे होते. कॅसिडी यांना एका मैफिलीत जॅझ, ब्लूज, गॉस्पेल आणि लोकगीत ही चारही अंगे गायची होती. या मुद्द्यावर त्यांनी तडजोड केली नाही. जॅझसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्लू नोट या कंपनीनेही अखेर त्यांना करारबद्ध केले नाही.

ब्लूज अ‍ॅली येथील मैफल

कंपनीची वाट न पाहता आपणच ध्वनिमुद्रिका काढावी, असे कॅसिडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले. त्यासाठी २ व ३ जानेवारी १९९६ रोजी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातील ब्लूज अ‍ॅली या जॅझ क्लबमध्ये दोन कार्यक्रम झाले. पहिल्या रात्रीचे ध्वनिमुद्रण तांत्रिक बिघाडामुळे निरुपयोगी ठरले, त्यामुळे सर्व भिस्त दुसऱ्या रात्रीवर आली. त्या दिवशी कॅसिडी यांना सर्दी झाली होती. आपला आवाज नीट लागलेला नाही, असे त्यांना वाटत असल्याने ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करण्यास त्या नाखूश होत्या. आपले आवडते ‘ओह, हॅड आय अ गोल्डन थ्रेड’ हे स्टुडिओत मुद्रित केलेले गीत तीत समाविष्ट करावे आणि पुढील ध्वनिमुद्रिकेचे काम लगेच सुरू करावे, या अटींवर त्यांनी संमती दिली. ‘लाइव्ह अ‍ॅट ब्लूज अ‍ॅली’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. केवळ त्यांच्या नावाने हयातीत निघालेली ही एकमेव ध्वनिमुद्रिका होय.

गायनशैली

कॅसिडी यांनी गायिलेली बहुतेक गीते आधी इतरांनी लोकप्रिय केलेली होती. स्टिंग यांचे ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’, क्रिस्टीन मॅकव्ही यांचे ‘साँगबर्ड’, कर्टिस मेफील्ड यांचे ‘पीपल गेट रेडी’ ही त्यांची काही उदाहरणे. मूळ गीताची नक्कल न करता त्या त्याची लय, स्वरावली आणि साथसंगत नव्याने बांधत. ‘ओव्हर द रेनबो’ हे १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातील गीत त्या केवळ गिटारच्या साथीने, संथ लयीत गात. मूळ चालीतील काही स्वरवाक्ये त्यांनी बदललेली आहेत. हळुवार, जवळजवळ कुजबुजता स्वर आणि गॉस्पेलमधील खुला, भरदार स्वर एकाच गीतात सहजतेने आणणे हे त्यांच्या गायनाचे वैशिष्ट्य मानले जाते.

आजार आणि निधन

१९९३ साली त्यांच्या पाठीवरील एक कर्करोगजन्य तीळ शस्त्रक्रियेने काढण्यात आला होता. जुलै १९९६ मध्ये एका शाळेत भित्तिचित्रे रंगविताना त्यांना कंबरेत वेदना जाणवू लागल्या. शिडीवर उभे राहून काम केल्याचा हा परिणाम असावा, असा त्यांचा समज झाला. काही आठवड्यांनी केलेल्या क्ष-किरण तपासणीत खुब्याचे हाड मोडल्याचे आढळले. पुढील चाचण्यांत मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग फुप्फुसांत व हाडांत पसरल्याचे निष्पन्न झाले.

सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांच्यासाठी मित्रांनी व सहकलाकारांनी जॉर्जटाउनमध्ये कार्यक्रम आयोजित केला. तेथे त्यांनी ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ हे गीत गायिले. हे त्यांचे अखेरचे जाहीर गायन ठरले. २ नोव्हेंबर १९९६ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी बोवी येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

दूरचित्रवाणी आणि मरणोत्तर प्रसिद्धी

निधनानंतर १९९७ मध्ये ‘इव्हा बाय हार्ट’ आणि १९९८ मध्ये ब्लिक्स स्ट्रीट या छोट्या कंपनीतर्फे ‘साँगबर्ड’ हे संकलन प्रसिद्ध झाले. बीबीसी रेडिओ २ वरील टेरी वोगन यांच्या सकाळच्या कार्यक्रमात त्यातील गीते वाजविली जाऊ लागली आणि ब्रिटिश श्रोत्यांकडून विचारणा सुरू झाली. डिसेंबर २००० मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स २’ या कार्यक्रमात ‘ओव्हर द रेनबो’चे चित्रीकरण दाखविण्यात आले. एका मित्राने ब्लूज अ‍ॅली येथे हौशी कॅमेऱ्याने केलेले हे चित्रीकरण होते. प्रेक्षकांचा प्रतिसाद इतका मोठा होता की ते पुनःपुन्हा दाखवावे लागले. मार्च २००१ मध्ये ‘साँगबर्ड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पुढे तेथे तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मे २००१ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘नाइटलाइन’ने त्यांच्यावर लघुमाहितीपट दाखविल्यावर अमेरिकेतही त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची मागणी वाढली.

वारसा

‘इमॅजिन’ (२००२) व ‘अमेरिकन ट्यून’ (२००३) या ध्वनिमुद्रिकांनीही ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळविला. २००७ साली केटी मेलुआ यांनी कॅसिडी यांच्या ध्वनिमुद्रणात आपला स्वर मिसळून ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ युगुलगीताच्या रूपात सादर केले. २०१५ मध्ये ब्लूज अ‍ॅली येथील गीतांचा विस्तृत संच ‘नाइटबर्ड’ या नावाने निघाला. २०२३ मधील ‘आय कॅन ओन्ली बी मी’साठी जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचा आवाज संगणकीय तंत्राने वेगळा काढून त्यास लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची साथ जोडण्यात आली.

आपल्या ध्वनिमुद्रणांविषयी कॅसिडी अतिशय चोखंदळ होत्या. त्यामुळे मरणोत्तर प्रकाशनांपैकी किती गीतांना त्यांनी स्वतः संमती दिली असती, हा प्रश्न त्यांच्या वारशाशी कायमचा जोडलेला आहे. दुसरीकडे, एका संगीतप्रकारात बांधून घेण्यास त्यांनी दिलेला नकार, जो हयातीत करार होण्याच्या आड आला, तोच त्यांच्या संग्रहाला आज लाभलेल्या विविधतेचे कारण आहे.

निवडक ध्वनिमुद्रिका

द अदर साइड (चक ब्राउन यांच्यासह, १९९२)
लाइव्ह अ‍ॅट ब्लूज अ‍ॅली (१९९६)
इव्हा बाय हार्ट (१९९७)
साँगबर्ड (१९९८)
टाइम आफ्टर टाइम (२०००)
इमॅजिन (२००२)
अमेरिकन ट्यून (२००३)
नाइटबर्ड (२०१५)
आय कॅन ओन्ली बी मी (२०२३)