माईसाहेबांना कोणत्या मापाने मोजणार?

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुवर्तन दिनाचा सोहळा भरतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज अशा गावोगावचे उपासक-उपासिका येतात. शेतात धान उभा असतो, तरी माणसे येतात. येताना पोरांना आणतात, जाताना तसबिरी आणि पुस्तके घेऊन जातात. तथागत बुद्ध, बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीमाई, माता रमाई. आमच्या प्रत्येक घराच्या भिंतीवर ही माणसे आहेत. मात्र एक तसबीर आम्हाला क्वचितच दिसते. ती म्हणजे डॉ. सविता आंबेडकर, म्हणजेच माईसाहेबांची. माईंचे नाव निघाले की आजही कुणीतरी आवाज खाली करतो. का? हा प्रश्न आम्ही आज उघडपणे विचारणार आहोत.

माईसाहेबांचा जन्म २७ जानेवारी १९०९ रोजी मुंबईत सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. नाव शारदा कबीर. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्याचे. मुलींना चुलीपुढून उठू न देण्याच्या काळात त्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाल्या. पुढे मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. त्यांच्या बहुतेक भावंडांनी जातीबाहेर लग्ने केली होती. म्हणजे जातीची भिंत त्या घरातच खिळखिळी झाली होती.

१९४७ साली बाबासाहेबांशी त्यांची ओळख झाली. बाबासाहेब तेव्हा घटनेच्या कामात बुडालेले होते आणि मधुमेहाने, पायांच्या दुखण्याने शरीर पोखरले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, बाबासाहेबांच्या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या.

या लग्नाचा अर्थ आम्ही नीट समजून घेतला पाहिजे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी स्त्रीवर पहारा बसवून. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याचीच हत्यारे. ब्राह्मण स्त्रीने खालच्या ठरवलेल्या पुरुषाशी केलेला संबंध मनुस्मृतीला सर्वात जास्त खुपतो. त्या संततीला ती चांडाळ ठरवते. ज्या मनुस्मृतीची होळी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाली, तिच्या याच कलमावर माईसाहेबांनी आपल्या आयुष्याने काट मारली. जातीने त्यांना जो मान जन्मतः दिला होता, तो त्यांनी परत केला.

असा मान परत करणाऱ्या स्त्रिया जगात इतरत्रही झाल्या. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या लढ्यात सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या दोन गोऱ्या बहिणी होत्या. बाप दक्षिण कॅरोलिनातला न्यायाधीश, घरात गुलाम राबणारे. गुलामगिरी फक्त गोऱ्या पुरुषांची नाही, तिच्यावर आम्ही घरातल्या बायकाही पोसलो, हे त्यांनी ओळखले. घर सोडले आणि आपल्याच घराविरुद्ध साक्ष दिली. १८३६ साली अँजेलिनाने दक्षिणेतील ख्रिस्ती स्त्रियांना आवाहन करणारी पुस्तिका लिहिली. आपल्या भावाला एका गुलाम स्त्रीपासून मुलगे झाल्याचे १८६८ साली कळले, तेव्हा या बहिणींनी त्यांना भाचे म्हणून उघडपणे जवळ केले. आमच्याकडे मात्र विटाळ पाळणारा वेगळा कप ज्या हातांनी ठेवला, त्या हातांची साक्ष फारशी कुणी दिली नाही.

माईसाहेब सभा गाजवणाऱ्या नेत्या नव्हत्या. त्यांचे काम घरात होते. पथ्य, औषध, इन्सुलिन आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरणे. दुरून आलेल्या कार्यकर्त्याला दारातून परतावे लागले तर त्याला वाईट वाटणारच. तो राग आम्ही समजू शकतो. पण त्याच वर्षांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून झाला. त्या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य वाढवल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. तोवर एक पिढी कुजबुज ऐकतच वाढली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून एकत्र धम्मदीक्षा घेतली. लग्नाने सुटलेली जात त्या दिवशी धर्मासकट गेली. १६ ऑक्टोबरला बाबासाहेब तेव्हाच्या चांद्याला आले आणि बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या भूमीत आमच्या आजा-आजींनी दीक्षा घेतली. गडचिरोली तेव्हा याच जिल्ह्यात होते. म्हणजे माईसाहेब आणि आमच्या आज्या दोन दिवसांच्या अंतराने बौद्ध झाल्या. मग आज्या आमच्या आणि माई परक्या कशा?

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि संशयाचे बोट माईसाहेबांकडे वळले. १९५७ साली केंद्र सरकारने संसदेत मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. तरी कुजबुज थांबली नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या विधवेला अनेक वर्षे दिल्लीत एकाकी काढावी लागली. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा समाजात आणले. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनी स्वीकारले. आठवणींचे पुस्तक लिहिले, बाबासाहेबांच्या वस्तू पुण्याच्या सिंबायोसिस संग्रहालयासाठी दिल्या. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शतकानुशतके फसवल्या गेलेल्या समाजाने वरून आलेल्या माणसाची पारख करावी. त्यात गैर काही नाही. पण पारख कामाची हवी. जन्मावरून दोषी ठरवणे हा मनूचा कायदा आहे, तो आपल्या हाताने चालवायचा का? माईंना मान दिल्याने माता रमाईंच्या त्यागाचे मोल तसूभरही कमी होत नाही.

आणि हा आरसा आमच्याकडेही वळवू या. आमच्या लेकी-सुना आज शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका होऊन एटापल्ली, भामरागडला जातात. तिथल्या माडिया-गोंड बाईच्या घरचे पाणी त्या पितात का? तिची भाषा शिकतात का? माईसाहेबांना आम्ही जे माप लावतो, त्या मापाने उद्या ती माडिया बाई आम्हाला मोजणार आहे.

येत्या ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर याल तेव्हा एक तसबीर माईसाहेबांचीही घरी न्या. पोरांनी ही कोण म्हणून विचारले, तर आवाज खाली न करता सांगा.

जय भीम!