गाडगेबाबा आणि आमची एक फेरी

स्मरणिकेसाठी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी लगेच गाडगेबाबांचे नाव पुढे केले. त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आपण दहा-बाराजणी ओढ्यापलीकडच्या वस्तीत स्वच्छतेच्या प्रचाराला गेलो होतो, ते भगिनींना आठवत असेल. साबणाच्या वड्या वाटल्या. हात कसे धुवावेत यावर मी चांगली वीस मिनिटे बोलले. शेवटी एका आजीबाईंनी अगदी शांतपणे विचारले, की त्यांच्या नळाला पाणी किती वाजता येते हे आम्हांला ठाऊक आहे काय. आमच्यापैकी एकीलाही ते ठाऊक नव्हते. परतताना वाटेत कोणी फारसे बोलले नाही, आणि घरी आल्यावर मी बाबांचे चरित्र पुन्हा काढून बसले.

बाबांचे मूळ नाव डेबूजी. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाकडे डेबूने गुरे राखली, नांगर धरला, आणि सावकाराच्या कर्जापायी शेत कसे हातचे जाते तेही पाहिले. पुढे दारूवर आणि कर्जावर ते बोलत, ते ऐकीव नव्हते. घरातले होते.

मुलीच्या बारशाची हकीकत पुष्कळांना माहीत असेल. अशा प्रसंगी जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, अशी रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. पंगत नाराज झाली. दुसऱ्याच्या घरची रीत मोडण्याआधी त्यांनी आपल्या दारातली मोडली, आणि बोलणीही स्वतःच खाल्ली.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की प्रथम झाडलोट, मग कीर्तन. दिवसभर हा परका माणूस आपली गटार उपसतो आहे हे पाहून गावकरी ओशाळत आणि झाडू घेऊन बाहेर येत. आमच्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की लोकांना लाज आणणे हीदेखील एक सक्तीच झाली. शंका खोटी नाही. मला मात्र वाटते, की लाज आणणारा स्वतः घाणीत उभा असला म्हणजे गोष्ट वेगळी होते. तो वरून बोलत नाही.

कीर्तनातही ते सांगत कमी आणि विचारीत जास्त. वांद्र्याला १९५६ साली झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे; मिळाल्यास जरूर ऐकावे. बाबा प्रश्न टाकतात आणि सारी सभा एका आवाजात उत्तर देते. जे पटवायचे ते ऐकणाऱ्याच्याच तोंडून निघते. आपण कोणाचे गुरू नाही, आपल्याला कोणी शिष्य नाही, असेही ते बजावीत.

आणि नुसते बोलून ते थांबले नाहीत. ऋण काढून यात्रा करू नका असे सांगणाऱ्याने पंढरपूर, नाशिक येथे गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांना टेकायला जागा केली. आमच्या साबणाच्या वड्यांत नेमके हेच राहून गेले होते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला अजून लागते. इमारतींसाठी एवढा पैसा जमला, पण घरच्या माणसांना त्यातली कवडीही घेऊ दिली नाही. पत्नी कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले. मुलगा गोविंदा १९२३ साली कुत्रे चावून वारला. ती बातमी खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली, आणि कीर्तन थांबले नाही. लोक याला वैराग्य म्हणतात, आणि ते असेलही. पण बाबांनी लोकांना विचारून विचारून बदलले, तसे कुंताबाईंना कोणी विचारले होते काय? त्या माउलीचे चरित्र कोणी लिहिले तर मी पहिली वाचक होईन.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, मोटारीतच बाबांचा देहान्त झाला.

त्या वस्तीत आम्ही दोघी-तिघी पुन्हा जाऊन आलो. पाणी पहाटे चारला येते, पाऊण तास. आजीबाईंबरोबर हंडे लावून उभ्या राहिलो, तेवढ्यात अर्जावर बेचाळीस सह्या आणि अंगठे झाले. अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.