चांदबीबीच्या 'सोन्याच्या गोळ्यां'ची रील सगळ्यांनी पाहिली, पण किल्ला वाचवला तो कुदळ-फावड्यानं

अहिल्यानगरच्या चांदबीबीवर रील शोधली की दोन गोष्टी हमखास दिसतात. शाह डोंगरावरचा 'चांदबीबी महाल' आणि तोफगोळे संपल्यावर तोफांत भरलेली सोन्या-चांदीची नाणी. त्यातला महाल तिचा नाहीच, ती सरदार सलाबतखानाची कबर आहे. नाण्यांची गोष्ट दंतकथा म्हणूनच ऐकावी. खरा पराक्रम झाला जमिनीखाली, त्यामुळे तो व्हिडिओत दाखवायचा तरी कसा?

चांदबीबी हुसेन निजामशहाची मुलगी. तिच्या जन्माच्या आसपास, 1549 मध्ये, मोहम्मद बिन हुसेन रूमीनं अहमदनगरात मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ ओतली. पुढे तोफ विजापूरला गेली. चांदबीबी त्याआधीच गेली होती, अली आदिलशहाची बेगम म्हणून. 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाला. तिनं लहानग्या इब्राहिमच्या नावानं कारभार पाहिला आणि नंतर ती माहेरी परतली.

डिसेंबर 1595 मध्ये अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरवर चालून आला. मुघलांनी सुरुंग खणायला घेतले. तटाच्या पायापर्यंत बोगदा न्यायचा, त्यात दारू ठासायची, तोंड दगडमातीनं बुजवायचं आणि वात पेटवायची. तोंड उघडं राहिलं तर स्फोटाचा जोर मागच्या मागे निघून जातो.

चांदबीबीला खबर लागली. तिनं आतून खणायला लावलं. फरिश्ताच्या इतिहासानुसार दोन सुरुंग रिकामे झाले, तिसरा शोधत असतानाच तो उडाला. तट कोसळला, खणणारे गाडले गेले, सरदार मागे फिरू लागले. तेव्हा ही बाई चिलखत आणि बुरखा घालून, नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली.

1596 मध्ये तह झाला. वऱ्हाड गेलं, किल्ला राहिला.

चार वर्षांनी शहजादा दानियाल आला. किल्ला आता टिकणार नाही, हे ओळखून तिनं बालराजा बहादूरला वाचवण्यासाठी बोलणी करायचं ठरवलं. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच सैनिकांनी महालात घुसून तिला मारलं. काही दिवसांतच मुघलांच्या सुरुंगांनी तट उडाला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.