गाडगेबाबांचा हिशेब

आपल्या विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. म्हणजे आपल्या पदवीवर त्यांचे नाव येणार. यंदा पर्यावरणाच्या तासाला 'कार्बन पाऊलखूण' हा शब्द कळला आणि मी बाबांचे चरित्र पुन्हा वाचले. आपल्या रोजच्या व्यवहारातून हवेत जाणाऱ्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचा हिशेब म्हणजे ही पाऊलखूण.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी, परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखून, शेतात राबून वाढले. सावकारी कर्जापायी शेती कशी जाते हे त्यांनी तिथेच पाहिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि भाकरीसाठी एक गाडगे, एवढाच संसार. दिवसा गाव झाडायचे, मग भाकरी मागायची, रात्री कीर्तन करायचे. ऋण काढून सण आणि लग्ने करू नका, देवापुढे बकरे कापू नका, मुलांना शिकवा, हेच ते सांगत फिरले.

आता आपला हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मोटारसायकलने रोज २४ किलोमीटर ये-जा केली, तर अर्ध्या लिटरमागे एक किलोहून अधिक वायू आपल्या नावावर चढतो. भरलेल्या एसटीत माणशी वाटा पुष्कळ कमी पडतो. पंगतीत टाकलेले अन्न ढिगात कुजले की मिथेन निघतो. ते पिकवायला लागलेले खत, डिझेल आणि वीजही वाया जाते.

बाबांना हा हिशेब ठाऊक नव्हता. त्यांना चिंता होती ती कर्जाची आणि घाणीची. पण बाबांसारखे राहा, असे कोणी माझ्या आईला सांगितले तर मला ते पटणार नाही. चुलीच्या धुरात तिची उमर गेली. आमच्या घरी गॅस आला, तो कष्टाने आला. गरिबाची पाऊलखूण नाइलाजाने लहान असते. बाबांनी ती स्वतः होऊन लहान ठेवली आणि इतरांवर तशी सक्ती केली नाही. उलट नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे वाटसरूंसाठी पक्क्या धर्मशाळा उभारल्या. त्याला दगड, चुना लागलाच. गरजेला त्यांनी कधी हात आखडला नाही. दिखाव्याला मात्र एक पैसा दिला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. पुढल्या वर्षी बहिणीचे लग्न निघेल. पंगत लहान ठेवावी आणि वाचलेले पैसे तिच्या बी.एड.च्या फीसाठी ठेवावेत, एवढे मी वडिलांपुढे मांडणार आहे.