इसब नव्हे, इशारा

माझी मावशी तब्बल आठ महिने स्तनाग्राला मलम लावत होती. एकाच बाजूला खाज, लाली, मधूनच खपली. गाठ हाताला लागत नव्हती, म्हणून निर्धास्त. आणि असल्या जागेचं दुखणं दाखवायचं तरी कुणाला? शेवटी कळलं, ते इसब नव्हतंच. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘पॅजेटचा आजार’. हे पॅजेट कोण, म्हणून मी शोधायला बसले.

जेम्स पॅजेट १८१४ साली इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथ या बंदराच्या गावी जन्मले. सतरा भावंडं, त्यातली नऊच जगली. वडिलांचा बिअरचा आणि जहाजांचा धंदा बुडाला. ते कर्ज पुढे मुलांनी फेडलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकताना, १८३५ साली, प्रेताच्या स्नायूंवर त्यांना पांढरे ठिपके दिसले. ते इतरांनीही पाहिले होते. पण यांनी भिंग लावलं, तर आत बारीक जंत! पैशांअभावी लिडियाशी ठरलेलं लग्न आठ वर्षं रखडलं, ते १८४४ मध्ये झालं. पुढे हेच पॅजेट व्हिक्टोरिया राणीचे शल्यवैद्य झाले.

१८७४ साली त्यांनी सुमारे पंधरा बायकांची हकिकत लिहिली. प्रत्येकीच्या स्तनाग्रावर इसबासारखं पुरळ, कुठल्याच उपायाला न जुमानणारं. आणि दोन वर्षांच्या आत, बहुतेकींना तर वर्षभरातच, स्तनाचा कर्करोग. पुरळ आधी आणि कर्करोग नंतर, असं त्यांना वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक वेळा उलटं असतं. आतल्या दुग्धनलिकांमधल्या कर्करोगाच्या पेशी वर त्वचेत येतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोठ्या, फिकट दिसतात. त्यांना ‘पॅजेट पेशी’च म्हणतात. १८९९ च्या डिसेंबरात पॅजेट गेले, नाव मात्र राहिलं.

हा आजार दुर्मीळ आहे, उगाच घाबरू नका. स्तनाग्रावरचं प्रत्येक पुरळ म्हणजे कर्करोग नव्हे. पण एकाच बाजूचं पुरळ दोन-तीन आठवड्यांत बरं झालं नाही, तर मलम बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. त्वचेचा छोटा तुकडा तपासला की निदान होतं. मॅमोग्राफीही करावी लागते.

मावशीचं ऑपरेशन झालं. ती आज आमच्यात आहे. पण ते आठ महिने तिला अजून सलतात. म्हणते, लाज वाटली गं, दुसरं काही नाही.