संत गोन्सालो गार्सिया : नकार पचवणारा वसईचा सुपुत्र



फेब्रुवारी महिना आला की आपल्या वसईकरांना संत गोन्सालो गार्सिया ह्यांची हमखास आठवण येते. ६ फेब्रुवारीला जगभरची ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि त्यांच्या सोबत्यांचा स्मरणदिन पाळते. त्या सोबत्यांपैकी एक आपल्या मातीतला होता. जपान, क्रूस, भाले ही त्यांची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या क्रूसापर्यंत पोहोचण्याआधी ह्या माणसाला किती वर्षे वाट पाहावी लागली आणि केवढा मोठा नकार पचवावा लागला, ह्याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. आज त्याच गोष्टीकडे पाहू या.

गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईवर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता आणि किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. त्या शाळेत गोन्सालो शिकले आणि त्याच धर्मगुरूंच्या सहवासात वाढले. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते. त्या दूरच्या देशातील मिशनकार्याच्या वार्ता वसईपर्यंत येत असत. घरात कोणी आजी-आजोबा गोष्टी सांगावेत, तशा त्या गोष्टी ह्या मुलाने ऐकल्या असतील.

साधारण १५७२ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी गोन्सालो येशूसंघीयांबरोबर जपानला निघाले. आज आपली मुले दहावीची परीक्षा देतात त्या वयात हा मुलगा घर, आई, भाषा, जेवणखाण सारे मागे ठेवून जहाजात चढला.

जपानमध्ये ते धर्मशिक्षक म्हणून काम करू लागले. जपानी भाषा शिकणे सोपे नव्हते, पण गोन्सालो ह्यांनी ती आत्मसात केली. लोकांत मिसळावे, मुलांना प्रार्थना शिकवाव्यात, धर्मगुरूंचे सांगणे लोकांना समजावून द्यावे, असे काम त्यांनी सुमारे आठ वर्षे केले. त्यांच्या मनात एकच इच्छा होती. आपल्याला येशूसंघात प्रवेश मिळावा आणि संघाचा सभासद म्हणून आयुष्य प्रभूला वाहावे. त्यांनी तशी विनंती केली. ती मान्य झाली नाही.

बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबू या. आठ वर्षे सेवा केलेली. घरापासून हजारो मैल दूर. ज्या धर्मगुरूंना लहानपणापासून आपले मानले, त्यांच्याच संघाचे दार उघडत नाही. तरुण मनाला हे किती लागले असेल! आपल्या धर्मग्रामातही असे अनुभव आहेत. एखादा मुलगा सेमिनरीतून घरी परत येतो, एखादी मुलगी कॉन्व्हेंटमधून परत येते. मग मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर कुजबुज सुरू होते. आईवडील मान खाली घालतात. मुलगा रविवारी मागच्या बाकावर बसू लागतो. जणू काही देवानेच त्याला परत पाठवले! अशा प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे की भारताचे पहिले संत म्हणून आपण ज्यांना मान देतो, त्यांनाही एकदा नकार मिळालेला होता.

गोन्सालो ह्यांनी येशूसंघीयांची साथ सोडली आणि ते व्यापाराकडे वळले. पूर्वेकडच्या बंदरांत त्यांचा व्यापार चांगला चालला, पैसा मिळाला, ओळखी वाढल्या. संतचरित्र वाचताना हा भाग आपण भरभर उलटतो. पण तो उलटू नये. गोन्सालो निराश होऊन देवापासून दूर गेले नाहीत, तसेच रागाच्या भरात त्यांनी ख्रिस्तसभेकडे पाठही फिरवली नाही. ते प्रामाणिकपणे आपला धंदा करीत राहिले आणि मनातली मूळ इच्छा त्यांनी विझू दिली नाही. धीर धरणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. आज समोर आलेले काम नीट करायचे आणि उद्याचे दार देवाच्या हाती सोपवायचे, ह्याला धीर म्हणतात.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्समधील मनिला शहरी जात. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन बंधूंशी ओळख झाली. संत फ्रान्सिसच्या ह्या अनुयायांचे साधे, गरिबीचे जीवन त्यांना भावले. त्यांनी व्यापार सोडला आणि १५८७-८८ च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा सेवक बंधू म्हणून. वय तेव्हा तिशीच्या पुढे गेले होते. वसई सोडून पंधरा वर्षे उलटल्यावर त्यांची इच्छा पूर्ण झाली, पण त्यांनी मागितली होती तशी नव्हे. संघ दुसरा, देशही दुसरा. जपान तर मागे सुटले होते. तिथे शिकलेल्या भाषेचा आता काय उपयोग?

पण देवाच्या घरी काही वाया जात नाही. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याने १५८७ साली मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. पुढे फिलिपाइन्सच्या गव्हर्नरशी त्याची बोलणी सुरू झाली. १५९३ साली गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना वकील म्हणून जपानला पाठवायचे ठरवले. त्यांना जपानी येत नव्हते. सोबत कोणी तरी दुभाष्या हवा होता. मनिलाच्या मठात तसा एक बंधू होता, वसईचा गोन्सालो!

ज्या वर्षांना ते स्वतःही कदाचित फुकट गेलेली वर्षे म्हणाले असते, त्याच वर्षांमुळे ते ह्या कामाला योग्य ठरले. हिदेयोशीसमोर फादर पेद्रो ह्यांचे म्हणणे बंधू गोन्सालो ह्यांनी जपानीत मांडले. दुभाष्याचे काम मोठे नम्रतेचे असते. शब्द दुसऱ्याचे, मान दुसऱ्याचा, आपण फक्त मध्ये उभे राहायचे. पुढे फ्रान्सिस्कनांना त्या वेळच्या राजधानीत, म्हणजे आजच्या क्योतो शहरात, मठ आणि देऊळ बांधता आले. त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळही उभारले. ज्यांना लोक वस्तीत उभे करीत नव्हते, त्यांच्या जखमा हे बंधू धूत होते.

ही शांतता फार काळ टिकली नाही. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरील माल जप्त झाला, संशय वाढला आणि हिदेयोशीचा राग ख्रिस्ती लोकांवर उलटला. डिसेंबरात क्योतो आणि ओसाका इथे धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योतो इथे कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. जवळजवळ महिनाभराचा प्रवास, तोही बराचसा पायी. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत आणखी दोघे त्यांना सामील झाले आणि सव्वीस झाले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेत उभे होते. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. लुई इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा मुलगा. येशूसंघीयांपैकी दोघे जपानी सेवक मरणाआधी थोडाच वेळ संघात घेतले गेले होते. ज्या संघाचे दार गोन्सालो ह्यांच्यासाठी उघडले नव्हते, त्या संघाचे तिघे आता त्यांच्याच रांगेत होते. तिथे कोण कोणत्या संघाचा हा प्रश्नच उरला नव्हता. सगळे एकाच प्रभूचे होते. सैनिकांनी भाले खुपसले आणि गोन्सालो ह्यांनी सुमारे चाळीसाव्या वर्षी आपला प्राण देवाला अर्पण केला.

ख्रिस्तसभेनेही घाई केली नाही. १६२७ साली पोप आठवे अर्बन ह्यांनी ह्या रक्तसाक्षींना धन्य घोषित केले, तर संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस ह्यांच्या हस्ते. म्हणजे मध्ये दोनशे पस्तीस वर्षे गेली.

जपानच्या श्रद्धावंतांची प्रतीक्षा तर त्याहून कठीण होती. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे धर्मगुरू उरले नाहीत, मिस्सा नाही, देऊळ नाही. तरी आईबापांनी मुलांना लपूनछपून स्नानसंस्कार दिला, प्रार्थना शिकवल्या. मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा इथल्या नव्या देवळात काही गावकरी आले आणि त्यांनी तिथल्या फ्रेंच धर्मगुरूंना हळूच आपली श्रद्धा सांगितली. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूविना श्रद्धा टिकली होती! ते देऊळ त्याच सव्वीस रक्तसाक्षींना समर्पित होते.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येक जण कशाची तरी वाट पाहतो आहे. कोणी नोकरीची, कोणी मुलीच्या लग्नाची, कोणी बाळाची, कोणी दारूपायी भरकटलेल्या नवऱ्याच्या परतण्याची. नोव्हेना झाल्या, माळा झाल्या, तरी उत्तर येत नाही. अशा वेळी देव ऐकत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. गोन्सालो ह्यांचे जीवन आपल्याला सांगते की देवाचा नकार हा पुष्कळदा त्याच्या योजनेतला पहिला टप्पा असतो. आज शिकतो आहोत ते उद्या कुठे लागेल, हे त्याला ठाऊक असते.

ह्या आठवड्यात दोन गोष्टी करू या. आपल्या मनासारखे न झालेले एक मागणे रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत तक्रार न करता देवाच्या हाती सोपवू या. आणि आपल्या आळीत कोणी नकार घेऊन घरी परतलेले असेल, तर कुजबुज न करता त्याच्या घरी जाऊन चहा घेऊ या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.