विश्लेषण : विटा वाचवून घर गार कसे राहते? लॉरी बेकर यांनी काय दाखवून दिले?

घर बांधायचे म्हटले की आधी झाडे तोडायची आणि जमीन सपाट करायची, ही सर्रास रीत. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आयुष्यभर याच्या उलट केले. निसर्गाशी जुळवून घेतले की घराचा खर्चही उतरतो, हे त्यांनी बांधून दाखवले.

कोण होते बेकर?

त्यांचा जन्म १९१७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धात ते चीनमध्ये रुग्णसेवेत होते. परतीच्या वाटेवर जहाजासाठी मुंबईत थांबावे लागले, तेव्हा महात्मा गांधींशी भेट झाली. घराचे सामान पाच मैलांच्या आतलेच असावे, हा गांधीजींचा विचार. सिमेंट-पोलाद शिकलेल्या तरुणाला तो तेव्हा पटला नाही.

मत कसे बदलले?

१९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी इमारती उभारण्याच्या कामावर भारतात आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह झाला. हे दाम्पत्य हिमालयात पिथोरागडला सुमारे १६ वर्षे राहिले. तिथले गावकरी जवळच्या दगड, माती आणि लाकडातून थंडी-पावसाला पुरून उरणारी घरे बांधत. पदवीने जे शिकवले नव्हते, ते बेकर यांना तिथे उमगले.

घरात नेमके काय केले?

पुढे ते केरळमध्ये स्थायिक झाले. तिरुवनंतपुरममधील नालांचिरा येथे खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःचे ‘हॅम्लेट’ हे घर उभारले. उतार फोडला नाही, घरच त्याच्या कलाने चढत गेले. लाकूड जुन्या इमारतींतले वापरले.

- भिंत : विटा कडेवर उभ्या रचल्या की मधे पोकळी राहते. सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उन्हाची धग अडवते.
- छत : स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट फारसा भार पेलत नाही. तिथे मंगलोरी कौले घातली की सिमेंट वाचते.
- जाळी : खिडकीऐवजी विटांची जाळी केली की वारा, उजेड मिळतो आणि चौकट, काच लागत नाही.

मर्यादा कोणती?

वीट भाजायला इंधन जळतेच. म्हणूनच बेकर मातीच्या घरांचाही पुरस्कार करत. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले. कागदी आराखड्यावर विसंबून न राहता ते बांधकामावर गवंड्यांसोबत उभे राहत आणि जागा पाहून तिथल्या तिथे बदल करत. कमी खर्चाचे त्यांचे खरे गमक हेच होते.